काशम्माच्या पुस्तकातला पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो. रंग तपकिरी, रुंदी चार बोटं आणि अंगभर बारीक भोकं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, याला उंदरानं कुरतडलंय. पण ही भोकं एका माणसानं मोजून पाडली आहेत. त्यांचं नाव सिद्रामप्पा.

सोलापूरच्या चादरीवर मोर, फुलं, वेली असतात. पूर्वी ती नक्षी आमच्यामुळे उमटायची. माझ्यासारखे शेकडो पुठ्ठे दोरीनं एकमेकांना बांधून मागाच्या डोक्यावर चढवत. जिथं भोक असेल तिथं सुई आत जायची आणि खालचा धागा वर उचलला जायचा. मी मोराच्या मानेतला होतो. एका मोरात माझी पाळी एकदाच यायची. पाळी आली की मी पुढे व्हायचो, खट्ट आवाज व्हायचा, मी मागे सरायचो. असं चौदा वर्षं काम केलं. चादरीची घडी घालताना कामगार म्हणायचे, "मोर बघा की, आत्ता उडंल." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारे माग आले. आम्हाला पोत्यात भरून पत्र्याच्या शेडमागे टाकलं. दोन उन्हाळे आम्ही तिथं पडून होतो. माझ्या दोन सोबत्यांना शेळीनं खाल्लं. माझाही नंबर लागला असता, पण काशम्मानं मला उचललं.

काशम्मा म्हणजे सिद्रामप्पांची बायको. ती त्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची.

"ही घाण घरात कशाला?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"पुस्तकात खुणंला. पान दुमडलं की मॅडम वरडत्यात."

"पन्नाशीला आलीस आन् मॅडमला भितीस व्हय?"

"तुमाला भ्याले न्हाय कदी. कुनाला तरी भ्यायला नगं का?"

तिनं टॉवेलच्या कात्रीनं माझे दोन तुकडे केले. अर्धा मी पुस्तकात राहिलो. दुसऱ्या अर्ध्याचं काय झालं ते मला माहीत नाही.

काशम्मा मुक्त विद्यापीठातून मराठीचं एम. ए. करत होती. दर रविवारी वर्ग असायचा. तिनं जो विषय घेतला होता त्यात माणसाची ओळख, त्याचं घर आणि मनाचा आजार यांवरच्या कविता आणि कथा होत्या. वर्गातल्या इतर बायका म्हणाल्या, "अवघड विषय हाय, काकू. दुसरा घ्या." तिनं ऐकलं नाही. त्याचं कारण तिच्या घराच्या उंबऱ्यावर बसून जेवत असे.

तो तिचा धाकटा भाऊ, वीरभद्रप्पा. त्याला तरुणपणापासून मनाचा आजार होता. त्याला आवाज ऐकू यायचे, कधी तो आठ-आठ दिवस बोलायचा नाही. रोजच्या गोळीनं तो बराचसा ठीक राहायचा. बहिणीकडे राहायचा, पाणी भरायचा, झाडलोट करायचा. पण काशम्माच्या मुलीला, पूनमला, पाहायला अक्कलकोटचे पाहुणे आले, तेव्हा घरच्यांनी एक चूक केली. घरात असा आजार आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल, अशी त्यांना भीती वाटली. पाहुण्यांनी विचारलं, "हे कोण?" काशम्माचा चुलत भाऊ चनबसप्पा पटकन म्हणाला, "गडी हाय. कामाला ठेवलाय." कोणीच काही बोललं नाही. वीरभद्रप्पानं मान खाली घालून पाण्याचे पेले फिरवले. बहिणीला अक्का म्हणायचा, त्या दिवशी "बाई" म्हणाला.

पूनमचं लग्न झालं. पण त्या दिवसापासून वीरभद्रप्पा आत येऊन जेवेना. किती बोलावलं तरी ताट घेऊन उंबऱ्यावर बसायचा. म्हणायचा, "गड्यानं आत बसू न्हाय." लोकांना वाटायचं, हा त्याचा आजार. काशम्माला ठाऊक होतं, ही घरच्यांनीच त्याला दिलेली जागा आहे.

म्हणून ती वाचायची. दुपारी जेवणं झाली की मोठ्यानं वाचायची. सिद्रामप्पा भिंतीला टेकून ऐकायचे, वीरभद्रप्पा उंबऱ्यावर. कुठल्या कथेत सून वेडी म्हणून माहेरी धाडलेली असायची, कुठल्या कवितेत मुलगा आरशात स्वतःला ओळखत नसायचा. वाचून झालं की काशम्मा मला त्या पानात ठेवायची. मला अक्षरं कळत नाहीत, पण मी जितका वेळ एका पानात राहायचो त्यावरून ते किती जड आहे ते मला कळायचं. काही पानांत मी आठवडाभर राहिलो.

वर्षअखेर तिला निबंध लिहायचा होता. लिहिताना ती शब्द पुटपुटायची, म्हणून मला कळायचे. सुरुवातीला तिनं लिहिलं, "आमच्या शेजारी एक माणूस राहतो." दोन दिवसांनी ते खोडलं आणि लिहिलं, "माझा भाऊ." त्याखाली तिनं लिहिलेलं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं: "घरचे लोक आजार लपवतात, आणि लपवता लपवता माणूसच लपवून टाकतात." सिद्रामप्पा भिंतीपासून पुढे सरकले. मग म्हणाले, "निबंध देऊन ये, मग आपुन दोघं अक्कलकोटला जाऊ. पूनमच्या सासऱ्यास्नी खरं सांगू."

तिनं निबंध दिला. पण जायचं राहून गेलं. चारच दिवसांनी सकाळी भाकरी थापताना तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचण्याआधी ती गेली.

मित्रांनो, त्यानंतर मी पुस्तकासकट फळीवर पडून होतो. दुपारचं वाचन बंद पडलं होतं. एकदा फळी पुसताना सिद्रामप्पांच्या हातून पुस्तक पडलं. मी बाहेर निसटलो. त्यांनी मला उचलून हाताला लागलं त्या पानात खुपसलं.

दिवसकार्य झाल्यावर चनबसप्पा आला. "वीरभद्रप्पाची आश्रमात सोय हुतीया. परवा गाडी आणतो," तो म्हणाला. "तुमचं नातं अक्कापतूर हुतं, दाजी. आता ह्यो तुमचा कोण? आन् उद्या पूनमच्या घरचे येणार. त्यास्नी कळलं म्हंजी?"

चनबसप्पा गेला. सिद्रामप्पांनी पुस्तक काढलं. ते चौथीपर्यंत शिकलेले. मी होतो ते पान उघडून एकेक शब्द लावत ते वाचू लागले. दोन ओळी झाल्या असतील.

"दाजी, ते झालंय," उंबऱ्यावरून आवाज आला. "अक्कानं वाचलंय ते."

"मग कुटलं?"

"लई म्होरं. त्यात त्यो म्हाताऱ्या बापाला शोधत जातो ते."

"मला कुटं घावतंय रं. तूच दाव."

वीरभद्रप्पा उठला. क्षणभर उंबऱ्यात उभा राहिला. मग आत आला, सिद्रामप्पांच्या शेजारी बसला, पानं उलटली आणि मला माझ्या जागी ठेवलं. कित्येक महिन्यांत तो पहिल्यांदा त्या जमिनीवर बसला होता. दोघांनी मिळून ते पान वाचलं. त्याला सिद्रामप्पांपेक्षा बरं वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी पूनमचे सासू-सासरे भेटायला आले. वीरभद्रप्पा चहाचे कप घेऊन आला, तसे सिद्रामप्पा उभे राहिले.

"पावणं, तवा आमी खोटं बोललो. ह्यो गडी न्हाय. काशीचा सख्खा भाऊ हाय. त्याला मनाचा आजार हाय, गोळी चालू हाय. त्यो हितंच राहणार. तुमाला राग येत आसंल तर माझ्यावर काढा, पूनमवर नगं."

पूनमच्या सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. सासू, बजाबाई, पदर नीट करत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या आईचंबी आसंच हुतं. आमी अंगात देव येतोय म्हणून सांगायचो. ती गेली तरी औषध न्हाय केलं."

सासऱ्यांनी वीरभद्रप्पाच्या हातातला ट्रे घेतला आणि खाली ठेवला. "बसा की, मामा. आमच्या पूनमचे मामा तुमी, आन् आमास्नी चा देताय व्हय?"

वीरभद्रप्पा बसला. दुसऱ्या सकाळी चनबसप्पाची गाडी आली तशीच परत गेली.

मित्रांनो, मोरात माझी पाळी एकदाच यायची, या घरात दोघं रोज वाचतात, म्हणून ती रोज येते. माझ्या कडा झिजल्या आहेत, दोन भोकं फाटून एक झाली आहेत. मला उचलणाऱ्या काशम्माचे उपकार मी कसे विसरेन? माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात कोणी असा आजारी असेल तर त्याचं नाव सांगा, नातं सांगा, आजारही सांगा. औषध वेळेवर द्या आणि जेवताना त्याचं ताट आपल्या ओळीत मांडा. त्याला नुसतं सांभाळून भागत नाही, आपला म्हणावं लागतं.