पुलपिटाच्या पोटातली पुरचुंडी

मित्रांनो, जगाचा शेवट माझ्या डोक्यावरून आजवर बऱ्याचदा गेला आहे, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी झाडलोट करायला कुणीतरी आलेच आहे. मी एक जुने पुलपीट आहे. चर्चमध्ये ज्याच्यामागे उभे राहून पाळक उपदेश करतात, ते उंच लाकडी मेज म्हणजे मी. वडूजच्या पुढे, माळावरच्या एका गावात, पत्र्याच्या छपराखाली माझे आयुष्य गेले.

मला घडवले नाथाजी सुताराने. तो पेरणीच्या पाभरी आणि बैलगाड्या करणारा माणूस. पुलपीट त्याने जन्मात पाहिले नव्हते. मिशनच्या साहेबाने जमिनीवर खडूने आकृती काढून दाखवली. रहिमतपूरच्या बाजारातून सागवान आले, काम सुरू झाले. "एवढं उंच, आन आतनं नुसतं पोकळ? पोट रिकामं ठिवू न्हाई, सायेब," असे म्हणत नाथाजीने माझ्या पोटात एक फडताळ केले आणि त्याला लहानसे दार लावले. ते कशासाठी, हे साहेबाला कळले नाही. मलाही कळायला वेळ लागला.

कामाची वर्षे जोरात गेली. पाळक आले, पाहुणे उपदेशक आले. प्रीतीवर बोलताना माणसे माझ्यावर हात टेकतात. प्रकटीकरणावर, म्हणजे बायबलातल्या जगाच्या शेवटाच्या पुस्तकावर, बोलताना मूठ आपटतात. पहिल्या महायुद्धात एका पाहुण्याने सांगितले की शेवटच्या काळातले श्वापद म्हणजे जर्मनीचा बादशहा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच राहिली, पण माणूस बदलला. पुढे रशिया आला, मग संगणक आला, मग आधार कार्ड आले, करोनात लस आली. श्वापदाची नावे बदलत गेली. मूठ मात्र एकाच जागी पडत राहिली. माझ्या वरच्या फळीला उजवीकडे एक खळगा आहे. हात फिरवाल तर सापडेल.

त्या सगळ्यांत एक वर्ष मला विसरता येत नाही. पहिले युद्ध संपत आले होते, पाऊस दडी मारून बसला होता आणि गावोगाव तापाची साथ होती. उपदेशक म्हणाला, मरण घेऊन येणारा हाच तो प्रकटीकरणातला फिकट घोडा, आता थोडेच दिवस उरले. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, काही घरांनी ते मनावर घेतले. बी कशाला राखायचे, पेरणीला आपण असणार कुठे? त्यांनी बियाण्याची ज्वारी दळली, सगळ्यांनी मिळून भाकरी खाल्ल्या, गीते गायली. प्रभू आला नाही. पुढल्या साली पाऊस मात्र आला, आणि पाभरीच्या चाड्यात, बी सोडायच्या वाटीत, टाकायला दाणा नव्हता.

तेव्हा शेजारच्या वाडीचा सिद्धू धनगर बियाण्याचे पोते खांद्यावर घेऊन आला. दारातच ठेवून म्हणाला, "पेरा. तुमचा देव आला तर त्येलाबी हुरडा घाला."

त्या सुगीला एका म्हातारीने निवडक कणसांचे दाणे पुरचुंडीत बांधून माझ्या फडताळात ठेवले. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. सुगीच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या दिवशी, प्रत्येक घराची एक पुरचुंडी कडुनिंबाच्या पाल्यात माझ्या पोटात जाते, आणि पेरणीच्या दिवशी पाभरीच्या चाड्यात पहिली मूठ तिच्यातली पडते. पुढे काचेचे नवे मेज आले, माईक आला आणि मला भिंतीशी सरकवले. माझ्या एका पायाला वाळवी लागली. पण बियाण्यासाठी माणसे माझ्याकडेच येतात. काचेला पोट नसते.

आता यंदाची गोष्ट सांगतो.

आमच्या मंडळीत भाऊसो आहेत, फौजेतून लान्सनायक म्हणून परतलेले. माणूस कामाचा. पण पावसाळ्यात त्यांची बायको चंद्राबाई तापाने गेली आणि त्यांचे शेतावरून मन उडाले. दिवसभर फोनवर कुणा उपदेशकाचे बोलणे ऐकत बसायचे. त्या उपदेशकाजवळ शेवटाच्या खुणांचा तक्ता होता, त्यावर बाण काढलेले होते, आणि शेवट याच हिवाळ्यात होता. तो लांबच्या शहरात राहतो आणि पुढच्या वर्षाच्या सभांची नोंदणी आताच घेतो, ही गोष्ट भाऊसोंनी ऐकली होती, पण तिच्याकडे लक्ष दिले नव्हते.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायची वेळ झाली. रानात ओल होती. एका रविवारी उपासना संपल्यावर भाऊसो थेट माझ्यापाशी आले आणि दाराची कडी काढू लागले. मागोमाग त्यांची आई सुलाबाई आली. तिने पाळकबाईंना हाक मारली. आमच्या पाळकबाई, उत्कर्षाताई, वयाने तरुण. मंडळ्यांचा इतिहास शिकून आलेल्या.

"ताई, ह्येला आवरा. घरातली बियाण्याची पोती गिरणीवर निघाल्यात. आता ही पुरचुंडी न्यायला आलाय."

"मंडळीलाच जेवण घालणार हाय, आये," भाऊसो म्हणाले. "मागं काय ठिवायचं न्हाई. ऑर्डर हाय तशी."

"कुणाची? त्या फोनवाल्याची? त्येनं आपलं रान बघितलंय का?"

उत्कर्षाताईंनी आवाज चढवला नाही. त्या माझ्याशेजारच्या बाकावर बसल्या. "न्या पुरचुंडी. तुमचीच आहे. आधी एक ऐका. पेत्राच्या पहिल्या पत्रात अगदी आरंभाला पंत प्रांताचं नाव येतं, आठवतं? तिथल्या एका बिशपानं स्वप्नं पाहिली आणि सांगितलं, वर्षभरात न्याय होणार. भला माणूस होता. लोकांनी गुरं विकली, रानं पडीक टाकली. वर्ष गेलं. लोक भीक मागायला लागले. अठराशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे."

"ते चुकले आसतील. ह्या टायमाला खुणा जुळत्यात."

"त्यांच्याही जुळल्या होत्या, भाऊसो. जे जे चुकले, त्या सगळ्यांच्याच जुळल्या होत्या. लढाई, दुष्काळ, साथ नाही असा काळ मला मंडळीच्या इतिहासात सापडला नाही. अमेरिकेत तर शेवटाची तारीख ठरली म्हणून शेतकऱ्यांनी बटाटे न काढता रानातच ठेवले होते."

"मग?"

"मग काय, थंडी पडल्यावर खणून काढले."

सुलाबाई फिसकन हसली. भाऊसो हसले नाहीत. "म्हंजे प्रभू येणारच न्हाई म्हणता तुमी?"

"येणार. दर रविवारी तुमच्याबरोबर म्हणते की मी. पण मंडळीनं ते म्हणत म्हणतच आजवर पेरलंय. आणि योहानानं प्रकटीकरणात जे लिहिलं ते सात मंडळ्यांना पाठवलं, रोमचा जाच सोसणाऱ्या. त्यांना त्यातून धीर मिळाला म्हणून तर त्यांनी ते जपलं. आजच्या खुणांचा जो अर्थ त्यांना कधी कळलाच नसता, तोच खरा असेल, तर पाठवलं कुणाला?"

भाऊसोंचा हात कडीवरच होता. मित्रांनो, माणूस वादात हरला म्हणून वळतोच असे नाही. मी पुष्कळ वाद ऐकले आहेत.

सुलाबाईच मग हळू आवाजात बोलली. "ताई, त्येला शेवट नगो हाय. त्येला चंद्रा पायजे. लवकर भेटंल आसं वाटतंय त्येला."

भाऊसोंनी दार उघडले आणि कडुनिंबाच्या पाल्यातून त्यांच्या घरची पुरचुंडी बाहेर काढली. ती चंद्राबाईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची होती. चंद्राबाईची गाठ साऱ्या मंडळीला ठाऊक होती. ती दोनदा पीळ देऊन बांधायची, सुटता सुटायची नाही. मागल्या सुगीला तिने खळ्यावर बसून एकेक कणीस हातात तोलून बाजूला काढले होते. त्यातलेच हे दाणे.

"तिनं निवडल्यालं हाय," सुलाबाई म्हणाली. "दळलंस तर एका भाकरीचं. बघ बाबा तुझं तू."

भाऊसो पुरचुंडी मुठीत धरून मागे सरले. मग कडी लावून निघून गेले. दाराबाहेर डाव्या हाताला गिरणीचा रस्ता आहे आणि उजव्या हाताला रानाचा. मी भिंतीशी आहे. मला दोन्ही दिसत नाहीत.

हिवाळा आला. फोनवाल्याची तारीख आली आणि गेली. ऐकतो की त्याने नवा तक्ता काढला आहे.

सुगीची उपकारस्तुती झाली. एकेक घर पुढे येऊन माझ्या पोटात आपापली पुरचुंडी ठेवत होते. सगळ्यांत शेवटी भाऊसो आले. त्यांच्या हातात तोच लुगड्याचा काठ होता, आत नव्या शाळूचे टपोरे दाणे. गाठ मात्र चंद्राबाईची नव्हती. फौजेत तंबूची दोरी बांधतात तशी, जाड आणि बेढब.

"ही कसली रं गाठ? सोडायची कशी?" सुलाबाईने विचारले.

"सोडीन की मीच. पेरणीला," भाऊसो म्हणाले.

मित्रांनो, मला पॉलिश नको, फुले नकोत. वाळवीवर थोडे औषध तेवढे मारा. मुठीचेही मला काही वाटत नाही, सागवान आहे मी. पण जगाचा शेवट कधी हे सांगायला कुणी माझ्यामागे उभा राहिला, तर त्याला एवढेच सांगा, की मूठ उचलण्याआधी खाली वाकून माझे दार एकदा उघडून बघ.