मटिल्डाबाईंचा नॉर्मल आकडा

मी एक जुना, पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे, मित्रांनो. लोक मला बीपीचं मशीन म्हणतात. आणि खरं सांगू, मला माणसांची किळस आली आहे.

कारखान्यात माझ्या काचेच्या नळीत चकाकता पारा भरला, शेजारी आकडे छापले आणि मी आगाशीच्या बाजारात भालचंद्र डॉक्टरांच्या टेबलावर येऊन बसलो. सगळे म्हणत, मशीन अगदी अचूक आहे. मीही फुशारलो. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की दंडाला पट्टा बांधला की सगळे माझ्याकडेच टक लावून बघतात. आकडा बरा असला की डॉक्टर म्हणत, "फर्स्ट क्लास!" समोरचं माणूस रडवेलं असलं तरी पुढच्याला हाक. शी, कसली ही रीत!

सत्त्याण्णव साली पास्कल वाडीवाला बायकोला घेऊन आला. मटिल्डाबाई म्हणजे चर्चच्या गायनमंडळातला खणखणीत आवाज. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, तर माझा पारा भलताच चढला. डॉक्टरांनी सर्पगंधेच्या मुळापासून काढलेली गोळी दिली.

"मेंदू नसांना सारखा निरोप धाडतो, आवळून घ्या, आवळून घ्या," ते पास्कलला म्हणाले. "ते निरोप रसायनं पोचवतात. ही गोळी त्या रसायनांचा साठाच रिकामा करते. निरोप थांबला की नसा सैल आणि बीपी खाली."

त्यातलीच काही रसायनं मनाला उभारी देतात, ती आटली तर एखादं माणूस खचूनही जातं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पुढे राखेचा बुधवार आला, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला. मटिल्डाबाई गप्प झाल्या. जेवण सुटलं, गाणं बंद पडलं. घरचे, शेजारचे कौतुकानं म्हणू लागले, यंदा मटिल्डानं काय कडक उपास धरलाय! तपासणीला आल्या तेव्हा त्यांची मान वर होत नव्हती. माझा पारा एकशेवीसवर. "फर्स्ट क्लास!" डॉक्टर म्हणाले. पास्कलही खूश. मला पारा ओकता आला असता, तर तिथेच ओकलो असतो.

ईस्टरला सगळ्यांचे उपास सुटले, मटिल्डाबाईंचा सुटेना. दुपारी त्या वाडीतल्या विहिरीच्या काठावर पाण्यात बघत उभ्या दिसल्या. पास्कलनं हात धरून त्यांना थेट दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी काय केलं असेल? पट्टा बांधला.

"अहो, नॉर्मल आहे की."

पास्कलनं माझं झाकण धाडकन लावलं. "ह्ये ठेवा बाजूला, डॉक्टर. हिला इचारा."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "मटिल्डाबाई, काय होतंय?"

"उपास मी धरलाच नवता," त्या पुटपुटल्या. "कायच नको वाटतं. सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी ती गोळी बंद केली, दुसरी दिली आणि बाईंना एकटं सोडू नका असं बजावलं.

काही आठवड्यांनी पास्कल त्यांना पुन्हा घेऊन आला. पारा दीडशेवर. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ते नव्या गोळीचा डोस वाढवू लागले.

"वाढलंय काय?" पास्कल घाबरला.

"ते डॉक्टर बघतील," मटिल्डाबाई म्हणाल्या. "तू आधी बाजारातनं भजी आण. भूक लागलीय मला."

पास्कल दारातच रडायला लागला.

आता मी कपाटावर पडून आहे. रक्तदाब जरूर मोजा, मित्रांनो, औषधही घ्या. पण पट्टा बांधण्याआधी त्या माणसाच्या तोंडाकडे एकदा बघा. तेवढं मला येत नाही.