सुरूच्या झाडाखालची जागा

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधीच कबूल करून टाकते. पुढे याच गुन्ह्यासाठी मला एका फाटकावरून परत पाठवलेलं तुम्ही वाचणार आहात, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. मी एक कॅरॅव्हॅन आहे. मोटारीच्या मागे आकड्याला अडकवून ओढायचं, दोन चाकांवरचं घर.

माझा जन्म मेलबर्नमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. बाहेरून ॲल्युमिनियम, आतून प्लायवूड, आणि त्यावर त्या काळी सगळ्या ऑस्ट्रेलियाला एकदम आवडू लागलेला नारिंगी रंग. जेवणाचं टेबल खाली पाडलं की त्याचा पलंग व्हायचा. मला जोडणाऱ्या कारागिराने शेवटचा रिव्हेट ठोकला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ही आपल्या सगळ्यांना पुरून उरेल." त्याचं खरं झालं. पुरून उरणं ही काही सुखाची गोष्ट नसते, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

मला डार्सी ट्रेविनने घेतलं. समुद्रापासून दिवसभराच्या वाटेवर, गव्हाच्या पट्ट्यातल्या एका गावात तो धान्याच्या कोठारावर काम करायचा. आमच्याकडे उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत येतो. नाताळापर्यंत सुगी आटोपायची, आणि मग अंगात शिरलेला भुसा धुवायला सगळं गाव समुद्राकडे पळायचं. डार्सीची बायको नोएलीन. गाडी डार्सी हाकायचा, पण कुठे थांबायचं ते नोएलीन ठरवायची, आणि तिची ठरवायची एक रीत होती.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने जागा शोधत निघालो. कॅरॅव्हॅन लावायच्या पहिल्या तळावर उंच उंच निलगिरी होत्या. डार्सी सावली बघून खूश झाला. नोएलीन खाली उतरलीसुद्धा नाही.

"हे झाड निजलेल्या माणसावर फांदी टाकतं," ती म्हणाली. "मला विधवा व्हायची घाई नाहीये."

दुसऱ्या तळावर सगळं होतं. हिरवळ होती, पाण्याचा नळ होता, उंबऱ्यातून समुद्र दिसत होता. नोएलीनने किटली ठेवली, दोन खुर्च्या बाहेर मांडल्या आणि चहाचा कप हातात घेऊन बसली. माणसं टॉवेल खांद्यावर टाकून येत होती, जात होती. थोड्या वेळाने तिने कप गवतावर ओतला.

"जोड गाडी."

"अगं, इथे काय वाईट आहे?"

"चहा गार झाला, डार्सी. एकाने तरी विचारलं का, कुठून आलात म्हणून? सगळा जानेवारी काढायचाय. समुद्राशी किती बोलणार मी?"

तिसरा तळ कर्लू खाडीचा. तिथे किटलीची शिट्टी व्हायच्या आत केसांना कर्लर लावलेली एक बाई चपला फटफटवत आली. "कुठून आलात? आणि दूध आहे का तुमच्याकडे? नसेल तर माझ्याकडे मागू नका, माझंही संपलंय."

ती ग्लेनिस पॉटर. नोएलीनने तिला अर्धं दूध दिलं आणि डार्सीला म्हणाली, "चाकांना विटा लाव." कोपऱ्यावरच्या सुरूच्या झाडाखाली मी उभी राहिले. तिथे दुपारी दक्षिणेकडून सुटणारं वारं नेमकं झाडाने अडायचं आणि संध्याकाळी खाडीवरून गारवा यायचा. डार्सीने माझ्या अंगाला ताडपत्रीची पडवी बांधली. ती पडवी म्हणजे आमची बैठक, स्वयंपाकघर आणि क्रिकेटची समालोचनं ऐकायची जागा.

कर्लू खाडीचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता म्हणूनच सगळे पाळत. निघायच्या दिवशी, गाडी जोडण्याआधी, तळाच्या ऑफिसच्या खिडकीत जाऊन म्हणायचं, "पुढच्या वर्षी तोच कोपरा." झालं. कोपरा तुमचा. एक उन्हाळा चुकवलात की तो पुढच्याचा, मग तुम्ही कोणी का असेना. अशा रीतीने नोएलीनने तो कोपरा तिचा मुलगा ग्रँट रांगत होता तेव्हापासून त्याला टक्कल पडेपर्यंत राखला. माझ्या चाकांनी जमिनीत दोन खळगे केले होते. दर वर्षी मी मागे सरकत यायचे आणि त्या खळग्यांत अलगद बसायचे, म्हातारं माणूस आपल्या खुर्चीत बसतं तशी.

मित्रांनो, माझ्या चांगल्या दिवसांबद्दल फार सांगत नाही. सुखाच्या हकिकती दुसऱ्याला कंटाळवाण्या होतात. ग्रँटने एकदा क्रिकेटचा चेंडू माझ्या दारावर मारला, त्याचा पोचा पडला. डार्सी त्याला ओरडला आणि मग पोच्यावरून हात फिरवत म्हणाला, "फटका मात्र झकास होता." एका पहाटे कुकाबरा पक्ष्याने तव्यावरचं सॉसेज उचललं, ते त्या घराण्याला हसायला वीस वर्षं पुरलं. एवढं बस.

ग्लेनिसची जागा संडासांच्या शेजारी होती. ती दर संध्याकाळी आपली खुर्ची उचलून आमच्या पडवीत यायची आणि वारं खात म्हणायची, "नोएलीन, तू मरशील तेव्हा हा कोपरा मला देऊन जा हं."

"आधी तू तर मर. तुझ्या जागेवर मी फुलं लावीन. खताची सोय आयतीच आहे."

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. थट्टेतलं कोणतं वाक्य थट्टा असतं आणि कोणतं अर्ज, हे कॅरॅव्हॅनला कळत नाही. माणसांनाही कळत नसावं.

एका हिवाळ्यात डार्सी गेला. झाडाची फांदी वगैरे पडून नाही, साधा आपल्या बिछान्यात. मी परसात ताडपत्रीखाली उभी होते. पडद्यांत उंदरांनी घरटं केलं. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही आणि मीही कोणाला दोष दिला नाही. घरात माणूस नसलं की घराला चाकं असून काय उपयोग?

उन्हाळा जवळ आला तसं नोएलीनने मला पुसायला घेतलं. सिडनीहून ग्रँट आला. तो कसलीतरी नोकरी करायचा, ती नेमकी कसली हे डार्सीला शेवटपर्यंत समजलं नव्हतं. माझ्या टेबलाशी बसून त्याने फोन आईपुढे धरला.

"आई, मी बघून ठेवलंय सगळं. कोरल क्राउन रिसॉर्ट. पोहायचे तलाव तीन, घसरगुंड्या, पोरांना उड्या मारायला गादी. लोकांनी पाचपैकी पावणेपाच तारे दिलेत."

"कोणत्या लोकांनी?"

"जाऊन आलेल्या."

"जाऊन आले म्हणजे राहिले नाहीत. तू तिथे चहा करून बघितलास का?"

"आई, चहा करून कोण जागा निवडतं? आणि कर्लू खाडीत आता आहे काय? संडासाला चालत जावं लागतं. बाबा असते तर गोष्ट वेगळी होती."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे त्यालाही लगेच कळलं. नोएलीनने पुसायचं फडकं घडी करून ठेवलं. नातवंडांना घसरगुंडी हवी, सुनेला तलाव हवा, आणि एकटीने मला ओढत नेणं तिच्याने होणार नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "बरं. पण मी हिच्यातच झोपणार. तुमच्या त्या खोल्यांत नाही."

"झोप ना. कोण नाही म्हणतंय?"

नाही म्हणणारं माणूस रिसॉर्टच्या फाटकावर उभं होतं. कडक इस्त्रीचा टी-शर्ट, कानात यंत्र, गोड हसू. त्या मुलीने माझ्याभोवती एक फेरी मारली. माझं वय विचारलं, तेही मला नाही, ग्रँटला.

"सॉरी हं. इतकी जुनी कॅरॅव्हॅन आम्ही आत घेत नाही. रिसॉर्टचं दिसणं बिघडतं."

"अहो, पण बुकिंग आहे माझं!"

"तुमचं आहे की. तुम्ही या ना. हिला फक्त कुठेतरी ठेवून या."

नोएलीन गाडीतून उतरली होती. तिने फाटकाच्या आत पाहिलं. सिमेंटचे चौकोन, त्यांवर पांढऱ्या कॅरॅव्हॅनी दाताच्या कवळीसारख्या ओळीने बसवलेल्या. समुद्र कुठे दिसत नव्हता. पोवळं तर त्या किनाऱ्यावर नावालाही नव्हतं, फक्त नावातच होतं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"चला, सुटले," ती म्हणाली. "ग्रँट, तुम्ही राहा इथे खुशाल. मला नि हिला कर्लू खाडीला नेऊन सोड. आपला कोपरा आहेच तिथे. गेल्या वर्षी निघताना मी सांगून आले होते."

ग्रँटने माझ्या आकड्याकडे असं बघायला सुरुवात केली की जणू तो ढिला झालाय.

"आई… मी तो सोडला."

"काय सोडलास?"

"कोपरा. जूनमध्येच, बाबा गेल्यावर लगेच फोन करून कळवलं. म्हटलं, आपण येणार नाही तर उगाच कोणाची जागा अडवून कशाला ठेवायची? चांगलं दिसत नाही."

मित्रांनो, जगातली बरीचशी वाईट कामं चांगलं दिसावं म्हणूनच होतात. नोएलीन ओरडली नाही. मागे मोटारींची रांग लागली होती, कोणीतरी भोंगा वाजवला. ती म्हणाली, "चल तर खरं. सुरूखाली कोण आलंय ते बघू. माणूसच असेल ना? बोलून बघते."

सुरूखाली माणूसच होतं. माझ्या दोन खळग्यांत दुसरी चाकं बसली होती. ती नीट बसली नव्हती, त्या कॅरॅव्हॅनची चाकं जरा पुढे होती. पण तिच्या पडवीत खुर्ची टाकून ग्लेनिस बसली होती, आणि तिचा नवरा कॉल संध्याकाळच्या बिअरसाठी बर्फ फोडत होता.

ग्लेनिस उठली. तिचा चेहरा लाल झाला, मग नेहमीसारखा झाला.

"अगं बाई, नोएलीन! आम्हाला वाटलं तू आता येतच नाहीस. ऑफिसातून विचारलं, घेता का म्हणून. मी म्हटलं, परक्याच्या हातात जाण्यापेक्षा आपल्यातच राहू दे."

"मला एक फोन करायचास, ग्लेनिस."

"करणार होते गं. पण डार्सीचं ताजं होतं ना, म्हटलं तुला कशाला त्रास? बस, बस. कॉल, खुर्ची दे तिला. चहा टाकते."

"हा कोपरा मी शोधला होता."

"म्हणूनच तर चांगला आहे!" ग्लेनिस म्हणाली, आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली. "आणि अगं, माझी जुनी जागा रिकामीच आहे. ती घे ना. या वयात संडास जवळ असलेला बराच."

कॉलचा बर्फ फोडणारा हात थांबला. ग्लेनिसने आतून चहा आणून नोएलीनच्या हातात दिला. नोएलीनने एक घोटही घेतला नाही. उभ्या उभ्या कप हातात धरून तिने सुरूच्या झाडाकडे वर पाहिलं, खळग्यांकडे पाहिलं, मग कप भरलेलाच टेबलावर ठेवला.

"दूध आहे वाटतं तुझ्याकडे या वर्षी," ती म्हणाली. "जोड गाडी, ग्रँट."

तो उन्हाळा तिने परसात काढला. मला विटांवर उभं करून ती रोज दुपारी माझ्यात येऊन बसायची, रेडिओवर क्रिकेट लावायची. समुद्र नव्हता, पण कोणी उठवायला येत नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात ग्रँटने घर विकायला काढलं आणि आईला सिडनीला नेलं. मी विकण्याच्या सामानात गेले.

आता यापुढचं तुम्हाला खोटं वाटेल. मला त्या रिसॉर्टने विकत घेतलं. होय, त्याच. मधल्या काळात जुनं असणं एकदम फॅशनीत आलं होतं. त्यांनी मला पिस्ता रंग दिला, टेबल-पलंग उपटून कॉफीचं यंत्र बसवलं, छतावर दिव्यांच्या माळा सोडल्या. रंगारी दारावरचा पोचा ठोकून काढणार होता. त्याची साहेबीण धावत आली. "नको नको! तो राहू दे, तोच तर अस्सल आहे!" मग त्याने पोच्याभोवती एक गोजिरवाणा जहाजाचा नांगर रंगवला. ज्या फाटकावरून मला दिसणं बिघडवते म्हणून हाकललं, त्याच फाटकाच्या आत, अगदी तोंडाशी, दिसण्यासाठी मला सिमेंटात पक्कं बसवलं. चाकं शोभेला ठेवलीत. ती फिरत नाहीत.

गेल्या जानेवारीत नोएलीन आली. ग्रँटने तिच्यासाठी तिथली एक खोली महिनाभर घेतली होती. प्रायश्चित्त म्हणून घेतली की घसरगुंडीच्या मोहाने, ते त्याचं त्याला माहीत. ती काठी टेकत माझ्या खिडकीशी आली. मला वाटलं, तिने ओळखलं नाही. मग तिने नांगराच्या मधोमध, पोच्यावर, पाची बोटं ठेवली.

"आई, बघ ना, आपलीच आहे ही!" ग्रँट आनंदाने म्हणाला. "किती छान ठेवलीय बघ!"

"हो ना," नोएलीन म्हणाली. "तुझ्या बाबांना तरी कोणी असं कुठे ठेवलं?"

तिने चहा घेतला, कागदाच्या कपात. माझ्यासमोरच्या बाकावर ती बसली, कप दोन्ही हातांत धरून. मला कळलं ती काय करतेय ते. तलावावरून माणसं टॉवेल टाकून येत होती, जात होती. बराच वेळ झाला. शेवटी एक तरणी मुलगी तिच्याजवळ येऊन वाकली. मित्रांनो, मला वाटलं, आता ही विचारणार.

"आजी, जरा पलीकडे सरकता का? फोटोत येताय."

नोएलीन सरकली. मुलीने माझा फोटो काढला. नोएलीनने कप कडेच्या कुंडीत ओतला आणि मुलाला म्हणाली, "ग्रँट, गाडी काढ."

"आई, अजून सगळा महिना आहे! पैसे भरलेत मी!"

"तू राहा. मला सिडनीला घरी सोड."

ती गेली. जाताना माझ्याकडे वळून पाहिलं नाही, आणि ते बरंच केलं.

अशा हकिकतीच्या शेवटी, मित्रांनो, "माझी नीट काळजी घ्या" असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. माझी काळजी घेतात. दर सोमवारी मऊ फडक्याने पुसतात, पोच्याला तर दोनदा पुसतात. माझी तक्रार नाही. तुम्ही उन्हाळ्यात कुठेही जा, तारे मोजून जा, तलाव मोजून जा. फक्त माझ्यासारख्या एखाद्या रंगवलेल्या म्हातारीचा फोटो काढताना शेजारच्या बाकावर न रंगवलेली कोणी बसली असेल, तर तिला सरका म्हणण्याआधी एवढं विचारा, "कुठून आलात?"

तिचा चहा गार व्हायच्या आत विचारा.