दट्ट्या

थोरला लेथवर काम करायचा. दिवसभर लोखंड कापणारा हा माणूस घरी कॉफी करताना इतका हळुवार व्हायचा, की बायको चिडवायची, "माझा हात नाही कधी इतका जपून धरलात!"

कॉफीचं यंत्र धाकट्या भावाने दूरच्या शहरातून बाबांसाठी पाठवलं होतं. त्यासोबत आलेला पूड दाबायचा दट्ट्या ढिला निघाला, म्हणून थोरल्याने कारखान्यात पोलादाचा नवा घडवून आणला. यंत्राला अडकवायच्या दांड्याच्या वाटीत पूड भरायची, बोटाने सारखी करायची, मनगट सरळ ठेवून जोर थेट खाली द्यायचा. दट्ट्या जरा कलला, की पाणी त्याच बाजूने पळतं आणि कॉफी वाया जाते. आजारात बाबांच्या तोंडाची सालपटं निघाली होती, कडक कॉफी झोंबायची. तेव्हापासून तो पूड जाडसर दळून जेमतेम दाबू लागला. दोन चमचे कॉफी पोटात गेली, की बाबा समाधानाने डोळे मिटून घ्यायचे.

ते गेल्यावर पंधरवड्याने धाकटा आला. सकाळी उठून थेट स्वयंपाकघरात.

"हे काय, दादा? दाबतोयस की गोंजारतोयस?"

"सवय झालीय."

"आण इकडे." धाकट्याने दट्ट्या हिसकावला, अंगाचा भार टाकून पूड दडपली. "हे असं! नुसतं गढूळ पाणी पाजलंस बाबांना?"

"त्यांना तेवढंच सोसत होतं. आला असतास तर कळलं असतं."

"रोज फोन करत होतो मी!"

"तो फोन त्यांच्या कानाला मी धरायचो. शेवटी शेवटी विचारायचे, हा कोण बोलतोय?"

धाकट्याचा चेहरा उतरला. मग दात-ओठ खात तो म्हणाला, "तुझ्या हाती होते, म्हणूनच लवकर गेले."

थोरल्याची मूठ केव्हा उठली, त्याचं त्यालाच कळलं नाही. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मात्र त्याने ऐकला. धाकटा फडताळावर आदळला, बशा फुटल्या. त्याने हाताला लागलेली दांड्याची वाटी फिरवली, ती थोरल्याच्या कानशिलावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, मानेवरून रक्त ओघळलं. दोघे एकमेकांना धरून ओट्यावर कोसळले. झटापटीत तापलेल्या यंत्राचा वाफेचा नळ उघडला. फिस्स करून पांढरा झोत सुटला.

थोरल्याने एका हाताने भावाची मान पकडली, दुसरा ओट्यावर रोवला आणि त्याचा गाल त्या झोतात दाबला. दट्ट्यावर द्यायचा तसाच सरळ जोर, खांद्यातून.

धाकटा ओरडला नाही, किंचाळला. जनावरासारखा.

"अहो, सोडा! सोडा त्यांना!" बायको पाठीत बुक्क्या मारत होती. तो ढिम्म हलला नाही. तेव्हा तिने दट्ट्या उचलला आणि ओट्यावर रोवलेल्या त्याच्या बोटांवर दोन्ही हातांनी हाणला. कडकन आवाज झाला. त्याची मानेवरची पकड सुटली. तिने भिंतीतलं बटण बंद केलं, धाकट्याला ओढत मोरीत नेलं आणि नळाखाली गाल धरला. गालाची कातडी तिच्या बोटांना चिकटून आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा धाकटा बँडेजमधून पुटपुटला, "नळ निसटला."

"नाही," थोरला म्हणाला. "मी धरलं होतं त्याचं तोंड."

पोलीस आले, जबाब झाले. धाकट्याने तक्रार द्यायला नकार दिला, पण निघताना थोरल्याकडे पाहिलंही नाही. वहिनीच्या पाया पडायला वाकला, तिने मधेच त्याचे खांदे धरले. "भाऊजी, मलम लावत राहा," ती म्हणाली.

थोरल्याची दोन बोटं पुन्हा मिटलीच नाहीत. लेथ सुटला, गोदामात बसवलं त्याला. एका रात्री बायकोने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. तो दारात उभा राहिला.

"घाबरतेस मला?"

"तुम्हाला घाबरतेच," ती उशी सारखी करत म्हणाली. "पण स्वतःलाही. बोटं मोडल्यावरही मला तुम्हाला आणखी एक तडाखा हाणायचा होता. जा, झोपा आता."