वाटीभर प्रसाद

भूल कोणती घ्यायची हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. सोडायला नको होतं, असं मला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं.

छत्तिसावा आठवडा होता. बाळाला पोसणारी वार असते वर, माझी खाली, गर्भाशयाच्या तोंडावरच बसलेली. बाळाला यायला वाट नाही आणि वार जरा सुटली की रक्त. दोनदा गेलं होतं. म्हणून पाच दिवस मी खामगावच्या दवाखान्यात डाव्या कुशीवर पडून होते. खोकला आला तर गिळायचे, शिंक आली तर नाक दाबायचे. आल्हादनं, माझ्या नवऱ्यानं, रक्ताच्या तीन पिशव्यांची सोय केली होती आणि त्या तयार आहेत हे तो मला दिवसातून चारदा सांगायचा. त्याला वाटायचं मला धीर येईल. मला नुसत्या पिशव्या दिसायच्या.

सिझेरियनच्या आदल्या दिवशी दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर योगिनी आल्या. खुर्ची असताना पलंगाच्या कडेलाच टेकल्या.

"हे बघ रेवती, दोन रस्ते आहेत. एक म्हणजे पाठीत, मणक्यात बारीक सुई. कमरेखालचं बधिर होतं, तू जागी राहतेस, बाळ रडलेलं ऐकतेस. दुसरा म्हणजे पूर्ण झोप. त्यात घशात नळी घालावी लागते. रक्त फार जायला लागलं तर झोपवावंच लागतं, पण आज तरी तसं नाही. मी पाठीतलं सुचवेन."

"मला झोपवा."

"सुईची भीती वाटते?"

"सुईची नाही."

आमच्या शेजारच्या कोकिळाकाकू वीस वर्षं कंबर धरून त्या सुईच्या नावानं बोटं मोडतात. ते मला कधी खरं वाटलं नव्हतं. मला भीती होती जागं राहण्याची. रक्त चाललंय आणि मी पडल्या पडल्या ऐकतेय. डॉक्टरांचे आवाज बदलले की मला कळणार. आणि बाळ रडलंच नाही, तर ते न रडणंही मलाच ऐकावं लागणार. त्यापेक्षा डोळे मिटावेत आणि जे व्हायचं ते झाल्यावर कुणीतरी येऊन सांगावं.

डॉक्टरांनी अजून एकदा विचारलं. मी तेच म्हणाले.

"ठीक आहे. मग एक नीट ऐक. झोपेत घसा सैल पडतो. पोटात अन्न असलं तर ते वर येतं आणि छातीत उतरतं. त्यानं माणूस जातो. तुला घाबरवायला सांगत नाही. रात्री दहानंतर काही खायचं नाही, आणि सकाळी पाण्याचा घोटसुद्धा मला विचारून."

मी हो म्हणाले. कागदावर सही केली.

सकाळी आठला सासूबाई चिखलीहून पहिल्या एसटीनं आल्या. मांडीवर स्टीलचा डबा. सगळ्या वाटेत त्यांनी तो खाली ठेवला नव्हता.

"काल संध्याकाळी यांनी सत्यनारायण घातला तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. माझे सासरे भिक्षुकी करतात. "घरचाच भटजी, पण पोथी वाचता वाचता दोनदा थांबले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे धूर गेला डोळ्यात. धर, हात पुढं कर."

"आई, काही खायचं नाही सांगितलंय."

"हे काय खाणं आहे का? प्रसाद आहे बाई. प्रसादाले कोणी नाही म्हणते का?"

मी हात पुढे केला, प्रसाद कपाळाला लावला आणि खाल्ला. इथवर मी त्यांच्यावर ढकलू शकते. पण मला भयंकर भूक लागली होती. शिऱ्यात केळं होतं, तूप होतं, निघताना गरम केलेला तो अजून कोमट होता. दुसऱ्या वेळी हात मीच पुढे केला. आल्हाद खाली औषधं आणायला गेला होता. बघता बघता वाटीभर पोटात गेला. तेवढ्यात आतून बाळानं लाथ मारली.

"पोचला वाटते त्याले," सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो.

साडेदहाला बेबीताई सिस्टर मला न्यायला आल्या. "पोटात काही नाही ना?"

"पाण्याचा थेंब नाही हो सिस्टर," सासूबाईच बोलल्या. "लेकरू कालपासून उपाशी आहे."

त्या खोटं बोलत नव्हत्या. सोमवारी कुणाकडून प्रसाद आला तर त्या तो घेतात, आणि आपला उपास मोडला असं त्यांच्या मनातही येत नाही. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. चारचौघांत त्यांना खाली बघायला कसं लावू, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मी बोलले असते तर माझी झोप गेली असती.

ऑपरेशनच्या खोलीत फार थंडी होती. अरुंद टेबलावर मला घेतलं, दोन्ही हात बाजूंना पसरले. पायांना गरम काहीतरी लागलं आणि मला कळलं की पुन्हा सुरू झालंय. डॉक्टर योगिनी डोक्याशी उभ्या होत्या. त्या मला उलट्या दिसत होत्या, कपाळ खाली आणि हनुवटी वर.

"आता तोंडावर मास्क ठेवते. मोठे श्वास घे. सिस्टर तुझा गळा जरा दाबतील, घाबरू नको. पोटातलं काही वर येऊ नये म्हणून दाबतात."

मास्क जवळ आला. रबराचा वास आला. बाळ आत अजिबात हलत नव्हतं, सकाळच्या लाथेनंतर हललंच नव्हतं. मला वाटलं, मी झोपेन आणि छातीत शिरा भरून मरेन, आणि हिला कुणी कधी सांगणार नाही की तिची आई गप्प बसली म्हणून गेली. ती 'ही' आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण मनात तसंच आलं.

"मॅडम, मी खाल्लंय."

मास्क थांबला. "काय?"

"शिरा. वाटीभर. आठ वाजता."

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. पायाकडून ऑपरेशन करणाऱ्या सरांनी विचारलं, "थांबायचं का?" बेबीताईंनी चादर उचलून बघितली आणि नुसती नाही म्हणून मान हलवली.

"थांबता येत नाही," डॉक्टर योगिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "रेवती, आता झोप नाही. अजून फार रक्त गेलेलं नाही, तेवढ्यात पाठीत देते. बसवतील तुला. हनुवटी छातीला लाव आणि हलू नको."

मला बसवलं. बेबीताईंनी दोन्ही खांदे आपल्या छातीशी धरले. त्यांच्या गाऊनला फिनेलचा वास होता. "मांजरीसारखी पाठ कर बाई," त्या कानाशी म्हणाल्या. पाठीवर गार पुसलं, मग एक कळ आली, आणि पाय गरम होत होत माझे राहिलेच नाहीत.

आडवी झाले आणि दोन मिनिटांत खोली गरगर फिरायला लागली. "बी. पी. पडलं," कुणीतरी म्हणालं. ओकारी वर आली. डॉक्टरांनी माझी मान एका बाजूला वळवली, ट्रे धरला, आणि सगळा शिरा बाहेर आला. डोळ्यांत पाणी असतानाही मला तो दिसला. त्यांनीही बघितला. एका हातानं सलाईनमध्ये औषध सोडत दुसऱ्यानं माझं तोंड पुसलं.

"जागी आहेस म्हणून थुंकता आलं," त्या एवढंच म्हणाल्या.

मग मला ज्याची भीती होती तेच सुरू झालं. पडद्यापलीकडे नळीतून काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता, मोठा, ओला, न थांबणारा. सर म्हणाले, "वार पुढंच आहे, लवकर." पहिली पिशवी लावली. दुसरी मागवली. आवाज बदलले, आणि मला कळलं की ते बदलले.

"माझ्याशी बोल," डॉक्टर योगिनी म्हणाल्या. "काय करतेस तू?"

"शिकवते. तिसरीला."

"मग हजेरी घे. मोठ्यानं."

मी हजेरी घ्यायला लागले. आरोही. सोहम. प्रेम. दातावर दात आपटत होते. देवानंद, तो नेहमी उशिरा हजर म्हणतो. आठवं नाव, नववं नाव. पोटात कुणीतरी कपड्यांची पिशवी धुंडाळावी तसं ओढत होतं. अकरावं नाव. मग बारावं आठवेना. मी बारा, बारा म्हणत राहिले. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. कुणी रडतही नव्हतं.

"थांबू नको," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या गालावर होता.

"बारावं आठवत नाही."

"सोड. तेरावं घे."

तेरावं नाव मी घेतलं की नाही, मला सांगता येणार नाही. मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला, तुटका, चिडका. मग पुन्हा आला.

"मुलगी आहे गं," बेबीताई म्हणाल्या.

रक्त थांबायला त्यानंतरही अर्धा तास गेला. तो अर्धा तास मी जागी होते. तिसरी पिशवीही लागली.

दुपारी मला वॉर्डात आणलं. बाळ दोन तास काचेच्या पेटीत ठेवून माझ्या कुशीत दिलं होतं. दोन किलो दोनशे. तिच्या कानावर अजून लव होती. आल्हाद भिंतीला टेकून बसला होता आणि काही बोलला तर रडेल असा दिसत होता.

सासूबाई जवळ आल्या. मी म्हणाले, "आई, मी त्यांना सांगितलं."

"काय?"

"प्रसादाचं. ते पोटात ठेवून झोपवलं असतं तर मी उठले नसते."

"देवाचं होतं ते," त्या म्हणाल्या, पण मला सांगितल्यासारखं नाही. मग उठून बाहेर गेल्या. बेबीताईंना काहीतरी विचारताना त्यांचा आवाज आला, पण शब्द ऐकू आले नाहीत. परत आल्या तेव्हा पदर तोंडावर होता.

थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून मधाची बाटली काढली, बोटातली सोन्याची अंगठी काढून पुसली. आमच्याकडे बाळाच्या जिभेला पहिला मध सोन्यानं लावतात. आल्हादलाही त्यांनीच लावला होता. त्यांनी अंगठी मधात बुडवली. बाळ ओठ चोखत होतं.

माझ्या पायात अजून जीव नव्हता. मी हात वर केला आणि बाळाच्या तोंडावर धरला.

"आई, नको. आधी डॉक्टरांना विचारू."

आल्हादनं मान वर केली. सासूबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला, आणि मधाचा एक थेंब चादरीवर पडला.

"सकाळी प्रसादाच्या वेळी काऊन नाही म्हटलीस असं?" त्या म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता.

त्यांनी अंगठी स्वतःच्या तोंडात घातली, चोखून स्वच्छ केली आणि बोटात चढवली. मग बाळाच्या पायाशी बसल्या आणि तिचे तळवे आपल्या ओंजळीत घेऊन ऊब देत राहिल्या, डॉक्टर येईपर्यंत.