पंख्याच्या कंपनीचा सौदा

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, सबंध देशाची संपत्ती माझ्या पोटातून वाहते. हे मी म्हणत नाही, उद्घाटनाला आलेले पाहुणे म्हणाले होते. पोट उघडून पाहाल तर आत तारा, धूळ आणि एक वाळलेले झुरळ सापडेल. संपत्ती मी स्वतः अजून पाहिलेली नाही.

मला खोक्यात घालून शेअर बाजारात आणले, तेव्हा वाटले होते की बाजार म्हणजे गलका आणि धक्काबुक्की असेल. निघाली एक थंडगार खोली. माझे काम सोयरिकी जुळवण्याचे. एका बाजूला घेणाऱ्यांची रांग, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांची. घेणाऱ्यांत जो जास्त भाव देईल तो पुढे, विकणाऱ्यांत जो कमी मागेल तो पुढे. भाव सारखाच असेल तर जो आधी आला तो पुढे. दोन्ही रांगांच्या तोंडाशी भाव जमला की सौदा पक्का. सोयरीक जुळवणारे निदान घराणे तरी विचारतात. मी तेही विचारत नाही.

माझा गोंधळ उडतो तो वेगळ्याच गोष्टीने. घेणाऱ्याला खात्री असते की हा शेअर आता वर जाणार. विकणाऱ्याला खात्री असते की हा बुडणार. दोघांनाही समोरचा मूर्ख वाटतो. इतकी वर्षे झाली, पण त्यातला नेमका कोण ते मला ठरवता आलेले नाही.

माझी देखभाल एक तंत्रज्ञ करतो. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसतो म्हणून सगळे त्याला थंडोबा म्हणतात. त्याच्या आईच्या स्वयंपाकघराचे छप्पर गळते, आणि तेही बरोबर शेगडीवर. पावसाळ्यातल्या एका दुपारी तो माझ्या मागच्या तारा आवरत होता. आईचा फोन आला. हात मोकळे नव्हते, म्हणून त्याने तो स्पीकरवर घेतला.

"ऐक, बाबांना बोलू नकोस. माझ्या वडिलांनी दिलेले पंख्याच्या कंपनीचे शेअर मी आत्ता विकून टाकले."

"अगं, सगळे?"

"सगळे. एका हातात छत्री, एका हातात झारा, असा किती दिवस स्वयंपाक करू? तुझे बाबा दरवर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. पैसे आले की गवंड्याला बोलावते."

"पण घेतले कोणी? त्या शेअरला कुणी हात लावत नाही."

"असेल कोणीतरी दीडशहाणा. देव त्याचं भलं करो."

फोन ठेवतो न ठेवतो तोच वडिलांचा आला.

"आईला सांगू नकोस. छपरासाठी ठेवलेले पैसे होते ना, त्यांचे मी पंख्याच्या कंपनीचे शेअर घेतले."

थंडोबाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर माझ्या अंगावर पडला.

"कधी, बाबा?"

"आत्ताच. कुणीतरी घाबरट सगळे विकून मोकळा झाला. अशी माणसं आहेत म्हणून आपलं भागतं. वर्षभर थांब, छपराच्या जागी मजला चढवू."

मी तपासून पाहिले. त्या दुपारी पंख्याच्या कंपनीच्या दोन्ही रांगांत एकेकच माणूस होता. नियमात माझे काही चुकले नव्हते. आधीच लग्न झालेल्या जोडप्याची सोयरीक मी पुन्हा जुळवली होती.

"आता काय करू रे?" थंडोबा मला म्हणाला. "सांगितलं तर आई पैसे परत करेल आणि बाबा पुन्हा पुढचं वर्ष काढतील."

मला उत्तर देण्याची सोय नाही. शेवटी त्याने दोघांनाही काही सांगितले नाही.

पैसे आले, गवंडी आला. गवंड्याला पाहून वडिलांचा चेहरा उतरला. आई एवढेच म्हणाली, "माझ्याजवळ होते थोडे." कुठून आले, हे त्यांनी विचारले नाही, विचारले असते तर स्वतःचे कुठे गेले ते सांगावे लागले असते.

छप्पर झाले. पैसे घरातलेच होते, शेअरही घरातच राहिले. मधल्या दोन दलालांनी आपापली दलाली तेवढी नेली. यात शहाणे कोण ठरले, याचा हिशेब मी अजून करतो आहे. मध्येच गरम होतो.

मित्रांनो, आता माझे वय झाले. माझ्या डोक्यावरचा एसी ठिबकतो. आईच्या शेगडीजवळ गळतीखाली ठेवायचे पातेले आता तिथे लागत नाही, ते थंडोबाने आणून माझ्यावर ठेवले आहे. यंत्रांची निगा राखा, त्यांच्यावर साऱ्यांचा भरवसा असतो, असे काहीसे भारदस्त मला शेवटी सांगायचे होते. ते राहू द्या.

कुणीतरी ते पातेले तेवढे ओतून या. काठापर्यंत आले आहे.