व्याह्यांचा सामना

बॅडमिंटनच्या अंतिम सामन्यात शिंपीकाकांसमोर त्यांचेच व्याही उभे होते, त्यामुळे जिंकायची खुमखुमी दुप्पट होती. निर्णायक क्षणी व्याह्यांचं शटल रेषेबाहेर पडलं आणि पंचांनी काकांना विजयी ठरवलं. टाळ्या पडल्या, पण काकांना चैन पडेना.

“थांबा! ते जाताना माझ्या केसांना लागलं. गुण त्यांचा.”

पंचांनी त्यांच्या तुळतुळीत टकलाकडे पाहिलं. “कुठल्या केसांना?”

“कानामागे चार आहेत, त्यांतल्या एकाला!” काका उखडले.

सगळा हॉल खो खो हसला. गुण फिरला, आणि पाठोपाठ सामनाही.

जाळीपाशी हात मिळवताना व्याही म्हणाले, “मला तर काहीच दिसलं नव्हतं हो.”

“मला जाणवलं होतं ना!”

हार झोंबत होती, तरी व्याह्यांच्या नजरेला नजर देताना काकांना मुळीच जड गेलं नाही.